रिकाम्या वेळाचं मोजमाप

व्हिएन्नाच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटरवर मारीनताल नावाची गिरणी कामगारांची वस्ती आहे. १९३१-३२ च्या हिवाळ्यात तिथल्या मुख्य रस्त्यावर, एका खिडकीआडून काही तरुण संशोधक येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल मोजत होते. रस्ता सुमारे ३०० मीटरांचा. त्यावरून जाताना कोण किती वेळा थांबतं, एवढंच टिपायचं. शंभर जणांची नोंद झाली, त्यात ६८ पुरुष आणि ३२ बायका. एवढ्याशा अंतरात ३९ पुरुष तीन किंवा त्याहून जास्त वेळा थांबले. बायकांमध्ये इतक्यांदा थांबणाऱ्या फक्त तिघी. पन्नास जणांचा वेगही मोजला. ३३ पुरुषांपैकी १८ जण ताशी तीन किलोमीटरच्या संथ चालीने जात होते; १७ बायकांपैकी १० जणी ताशी पाचने.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ त्या पानावरच रेंगाळलो. एका गावाचं दुःख त्याच्या पावलांतून मोजता येतं, ही कल्पना कुणाला सुचली असेल? आणि त्या पुरुषांना झालं तरी काय होतं?

त्यांचं काम गेलं होतं. मारीनतालची कापडगिरणी १८३० मध्ये उभी राहिली आणि तिच्याभोवती वस्ती वाढली. शंभर वर्षं इथली माणसं गिरणीच्या वेळेप्रमाणे उठली, जेवली, झोपली. १९२९ च्या उन्हाळ्यात आधी सूतकताई थांबली, पाठोपाठ छपाई आणि धुलाईची खाती बंद पडली, आणि १९३० च्या फेब्रुवारीत माग थंडावले. वस्तीत ४७८ कुटुंबं होती. बघता बघता त्यांतली तीन चतुर्थांश सरकारी बेकारभत्त्यावर जगू लागली.

खरं तर संशोधकांना बेकारीचा अभ्यास करायचाच नव्हता. पाउल लाझार्सफेल्ड या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या मनात होता कामगारांच्या फुरसतीचा विषय. त्याने तो ऑस्ट्रियन समाजवाद्यांचे नेते ओटो बाउअर यांच्या कानावर घातला. देशात एवढी बेकारी माजलेली असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, असं म्हणत बाउअर यांनी त्याला बेकारीकडे वळवलं. माझ्या मते तिथे विषय बदललाच नाही. सक्तीने पदरात पडलेली, कधी न संपणारी फुरसत माणसाचं काय करते, हाच तर मारीनतालचा प्रश्न होता.

लाझार्सफेल्डबरोबर मारी याहोडा आणि हान्स त्सायझेल होते. याहोडाचं वय तेव्हा चोवीस. चमूतल्या लॉटे शेंक-डांझिंगर काही आठवडे वस्तीतच राहिल्या. या सगळ्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: नुसतं वही घेऊन बघत बसायला कुणीही मारीनतालात जायचं नाही. जो जाईल त्याने तिथल्या लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. म्हणून व्हिएन्नातून सुमारे २०० किलो जुने कपडे गोळा करून वाटले, मोफत दवाखाना चालवला, शिवणकामाचे आणि मुलींसाठी व्यायामाचे वर्ग काढले. कपडे वाटण्याआधी शंभर घरांत जाऊन कुणाला काय हवंय ते विचारलं, आणि त्या गप्पांतून घर कसं लावलंय, मुलं कशी दिसतात, माणसं मागताना संकोचतात की नाही, हेही कळत गेलं. आज असल्या अभ्यासांवर नैतिकतेच्या समित्या बसतात आणि त्या बसायलाच हव्यात. तरीही ज्याचं दुःख मोजायचं त्याच्या हाती आधी काहीतरी द्यायचं, ही त्या मुलांची समज मला समितीच्या कुठल्याही अर्जापेक्षा मोठी वाटते.

वस्तीत कामगारांचं एक ग्रंथालय होतं. पूर्वी दिवसभर गिरणीत राबून आलेली माणसं रात्री त्यातली पुस्तकं वाचायची. आता वेळच वेळ होता आणि पुस्तकांची वर्गणीही माफ केली होती. म्हणजे वाचन वाढायला हवं. प्रत्यक्षात १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत नेली जाणारी पुस्तकं निम्म्यावर आली. जे अजून नेत होते, तेही पूर्वीपेक्षा कमी नेत होते. वर्तमानपत्रांचं तसंच. गंभीर राजकीय दैनिकाचे वर्गणीदार ६० टक्क्यांनी घटले, हलकंफुलकं स्वस्त पत्र त्या मानाने तगलं. जमीनदाराच्या जुन्या वाड्याची बाग लोक एके काळी हौसेने राखायचे. तिथे रान माजलं होतं, आणि ते काढायला हात रिकामे असलेली शेकडो माणसं शेजारीच राहत होती.

संशोधकांनी ऐंशी जणांना तासातासाचा तक्ता भरायला दिला. पुरुषांचे तक्ते वाचवत नाहीत. सकाळी उठणं, दुपारचं जेवण, रात्री झोपणं एवढे तीन खांब तेवढे स्पष्ट, बाकी सगळं धूसर. शेडमधून लाकडं आणि पाणी आणणं, या काही मिनिटांच्या कामासमोर अख्खा तास लिहिलेला. मधल्या वेळाचं काय झालं, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. रस्त्यावर शंभर पुरुषांकडे पाहिलं तेव्हा ८८ जणांच्या अंगावर घड्याळ नव्हतं. त्यांतल्या ३१ जणांचं घड्याळ घरी पडलेलं होतं. करायला काही नसूनही नवरे जेवायला वेळेवर येत नाहीत, अशी बायकांची तक्रार होती. रविवारचं रविवारपण गेलं होतं. भत्ता दर पंधरवड्याला मिळायचा, आणि तो मिळण्याचा दिवस हाच काय तो वस्तीच्या पंचांगातला सण उरला होता.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही, नाहीतर त्या पुरुषांवर अन्याय होईल. भत्ता घेणाऱ्याने जराही काम केलेलं उघडकीला आलं तर भत्ता बंद व्हायचा. सरपणाच्या बदल्यात झाडं तोडायला हात लावलेल्या माणसाचा भत्ता गेला. मुलांसाठी थोडं दूध मिळावं म्हणून घरोघर दूध पोचवणाऱ्या बाईचाही गेला. शेजारी शेजाऱ्याची चहाडी करू लागले, आणि त्यांतल्या कितीतरी तक्रारी खोट्या निघाल्या. लोक हातपाय हलवत नाहीत असं म्हणणं सोपं असतं. इथे हातपाय हलवण्यावरच दंड होता.

मग बायका भरभर का चालत होत्या? कारण त्यांचा दिवस रिकामा झालाच नव्हता. पगार गेला, पण चूल, धुणं, मुलं, ठिगळं लावणं हे सगळं तसंच राहिलं. उलट कमी पैशांत तेच करायचं म्हणून ते वाढलं. साखरेऐवजी सॅकरिन, गुरांच्या मांसाऐवजी घोड्याचं, आणि फाटलेल्या कपड्यातून दुसरा कपडा. नवलाची गोष्ट अशी की यांतल्या अनेक जणींनी गिरणी सुरू झाली तर आम्ही पुन्हा जाऊ असं सांगितलं, आणि ते केवळ पैशांसाठी नाही. पूर्वी गिरणीतून येऊन रात्री उशिरापर्यंत घरकाम करणाऱ्या याच बायका होत्या. तरी त्यांना चार भिंतींबाहेरचं ते जग परत हवं होतं.

घरांची मनःस्थिती अभ्यासकांनी चार गटांत मांडली: उमेद टिकवून असलेली, निमूटपणे दिवस ढकलणारी, आतून खचलेली आणि सगळं सोडून दिलेली. शंभर घरांतली जवळपास निम्मी दुसऱ्या गटात होती. मग प्रत्येक गटाचं दरडोई उत्पन्न काढलं आणि आकडे चढत्या जिन्यासारखे ओळीने उभे राहिले. सोडून दिलेल्यांचं महिना सरासरी १९ शिलिंग, खचलेल्यांचं २५, दिवस ढकलणाऱ्यांचं ३०, उमेदवाल्यांचं ३४. उमेद आणि तिचा अंत यांच्यामध्ये महिन्याला पंधरा शिलिंग. उपासमारीतून क्रांती पेटते अशी त्या काळी अनेकांची खात्री होती. मारीनतालात क्रांतीची ठिणगी दिसली नाही. दिसली ती आक्रसत जाणारी माणसं.

मुलांची पाहणी मला सर्वांत जास्त टोचली. शाळेतल्या मुलांना नाताळला काय हवंय ते लिहायला सांगितलं आणि त्या इच्छांची किंमत काढली. आजूबाजूच्या गावांतल्या मुलांच्या इच्छा सरासरी ३६ शिलिंगांच्या होत्या, मारीनतालच्या मुलांच्या १२ शिलिंगांच्या. आईवडिलांकडे पैसे असते तर मला अमुक हवं होतं, अशा चालीवर कित्येकांनी लिहिलं. मागण्याआधीच माघार घ्यायला ती शिकली होती.

पण माणूस हिशेबात पुरा मावत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसतं. बटाट्याच्या जागेवर कुणी फुलं लावली होती. एका बाईने फेरीवाल्याकडून व्हेनिसचं रंगीत चित्र हप्त्याने घेतलं होतं. अर्थशास्त्राच्या नजरेने ही उधळपट्टी. संशोधकांनी मात्र तिला नावं न ठेवता ती नोंदली, आणि म्हणूनच ते पुस्तक अजून जिवंत वाटतं.

पुस्तक १९३३ मध्ये लाइप्त्सिशमधून निघालं. जर्मनीत हिटलरची सत्ता आलेली होती आणि लेखक ज्यू होते, त्यामुळे मुखपृष्ठावर त्यांची नावं नव्हती. लाझार्सफेल्ड अमेरिकेला गेला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात जनमत संशोधनाचा एक आधारस्तंभ झाला. त्सायझेल शिकागोला पोचला. याहोडाला १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारने तुरुंगात टाकलं, आणि देश सोडण्याच्या अटीवर पुढच्या वर्षी सोडलं. ती इंग्लंडला गेली. इंग्रजी वाचकांपर्यंत हे पुस्तक पोचायला १९७१ उजाडलं.

याहोडाने मारीनतालला कधी सोडलं नाही. ससेक्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही ती त्याच आकड्यांकडे वळत राहिली. नोकरीचा उघड हेतू पगार. पण पगाराच्या आडून नोकरी आणखी बरंच काही देते, असं तिने मांडलं. दिवसाला आकार येतो. घराबाहेरच्या माणसांशी रोजची गाठ पडते. आपण एकट्याने करू शकणार नाही अशा कामात आपला वाटा असतो, समाजात ठाव मिळतो, हात चालते राहतात. हे सगळं इतकं गुपचूप मिळतं की काम जाईपर्यंत मिळत होतं हेच कळत नाही. गिरणीची नोकरी सुखाची होती असं तिने कधीच म्हटलं नाही. वाईट नोकरीतूनही या गोष्टी मिळतात, हे तिचं निरीक्षण मालकांच्या सोयीचं आहे, आणि तिचं नाव घेऊन कुणी ते तसं वापरू नये असं मला कळकळीने वाटतं. नोकरी चांगली असावी यासाठी तर ती आयुष्यभर आग्रही होती.

या मांडणीत एक गाठ मात्र राहिली होती. मारीनतालात काम आणि पैसा दोन्ही एकदमच गेले. मग माणसं कशाने मोडली?

ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्याने त्याच गावात एक प्रयोग सुरू केला. मारीनताल ज्या ग्रामाटनॉयझीडल गावाचा भाग आहे, तिथे वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी दिली. सक्ती नव्हती. आधी तयारीचं प्रशिक्षण आणि मग काम. ऑक्सफर्डच्या माक्सिमिलियान कासी आणि लुकास लेनर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे परिणाम तपासले. लोकांचं उत्पन्न वाढलं, आणि जोडीला दिवसाची घडी, माणसांत मिसळणं, आपली किंमत वाटणं या याहोडाच्या यादीतल्या गोष्टीही सुधारल्या. शारीरिक आरोग्यात मात्र फरक दिसला नाही. जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याच गावात त्याच प्रश्नांची उत्तरं उलट्या दिशेने मिळाली. पण इथेही काम आणि पगार हातात हात घालूनच आले होते.

ती गाठ सुटली ती दुसरीकडेच. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत म्यानमारमधून हाकलले गेलेले लाखो रोहिंग्या राहतात, आणि त्यांना रीतसर नोकरी करण्याची मुभा नाही. रेश्मान हुसाम आणि सहकाऱ्यांनी तिथे ७४५ जणांवर एक प्रयोग केला; तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोनेक महिने नोंदी ठेवण्याचं साधं काम आणि त्याचा मोबदला दिला. काहींना काम न देता तेवढेच पैसे दिले. तिसऱ्या गटाला यातलं काहीच नाही. ज्यांना काम मिळालं त्यांचं मन लक्षणीय सावरलं, आणि पैशांनी झालेल्या सुधारणेपेक्षा ही सुधारणा कितीतरी मोठी होती. शेवटी काम करणाऱ्यांना विचारलं, मोबदला न घेता आणखी एक आठवडा हे काम कराल का? दोन तृतीयांश तयार झाले. घर, जमीन, नागरिकत्व यांतलं काहीच हाती न उरलेली, पैशांची सर्वांत जास्त निकड असलेली ही माणसं होती.