सिनेमाच्या एजंटाकडे निघालात? जरा थांबा!

शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरानं वगातला सरदार झकास उभा केला. पाहुणे म्हणाले, 'ह्याला सिनेमात घाला.' पुढं चार दिवसांत मोबाईलवर निरोप येतो, 'मालिकेसाठी नवे चेहरे पाहिजेत. नोंदणी फी भरा, फोटोंचे पैसे वेगळे.' आणि कांद्याची पट्टी हातात पडायच्या आत बाप उसनवारीला निघतो. मंडळी, इथंच थांबा.

आपल्याकडचा रिवाज आठवा. तमाशाचा फडमालक हंगामाआधी कलावंताला उचल देतो. ऊसतोडीचा मुकादम कोयत्याला उचल देतो. त्या उचलीत माणूस अडकतो हे खरं, पण पैसा येतो तो काम देणाऱ्याकडून. सिनेमातला खरा एजंटसुद्धा तुमच्याकडं आधी पैसे मागत नाही. तो काम मिळवून देतो, मानधनाची बोलणी करतो आणि पैसे आले की त्यातून साधारण १० ते २० टक्के आपला हिस्सा घेतो. तुम्हाला काम नाही, तर त्यालाही कमाई नाही. जो आधीच फी घेऊन बसला, त्यानं तुमच्यासाठी काम कशाला शोधावं?

माणसं ओळखायला शिका. कास्टिंग डायरेक्टर हा निर्मात्याचा माणूस. त्याचे पैसे निर्माता देतो. गर्दीच्या प्रसंगात माणसं पुरवतो तो सप्लायर. तुमच्या बाजूनं बोलतो तो एजंट. त्यानं आजवर कुणाला कुठल्या मालिकेत काम दिलं ते विचारा आणि त्या कलाकाराकडून खात्री करा. बोलायला टाळाटाळ झाली, तर परतीची एस.टी. धरा.

भेटायला जाताना हजारोंचा अल्बम लागत नाही. मेकअप न करता उजेडात काढलेले तीन-चार फोटो आणि नाव, वय, उंची सांगणारी मिनिटभराची चित्रफीत बस्स झाली. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जे बोलता ते सांगा. हलगी वाजवता येते, बैलगाडी हाकता येते, हेही सांगा, लाजू नका. मात्र पाठीशी काहीतरी काम हवं. राज्य नाट्य स्पर्धा आहे, कॉलेजच्या पोरांना पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून आहे. तिथं घासून निघालेल्या पोराकडं एजंटाचंही लक्ष जातं. आणि एजंटाशिवाय वाटच नाही असंही नाही. 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे आणि 'सैराट'ची रिंकू राजगुरू नागराज मंजुळे यांना सोलापूर जिल्ह्यातच सापडली.

करार इंग्रजीत असला तरी नुसती मान डोलावून सही करू नका. किती वर्षांसाठी बांधून घेतोय, हिस्सा कशाकशावर, पटलं नाही तर सुटका कशी, हे वकिलाकडून समजून घ्या. एक प्रत घरी ठेवा. मुलगी असो वा मुलगा, ऑडिशनला एकट्यानं हॉटेलच्या खोलीवर जायचं नाही. सोबत घरचं माणूस हवंच.

पोर १४ वर्षांच्या आतलं असेल, तर २०१७ चे नियम ध्यानात ठेवा. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी. मिळकतीतला किमान २० टक्के भाग पोराच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. एजंटाला हे विचारा. तो चिडला, तर समजून जा.

फोनवरून पैसे भरून फसला असाल, तर लोक हसतील म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

पोराच्या अंगात कला असेल तर त्याला अडवू नका, अवश्य पाठवा. पण त्यापायी दावणीची गाय विकू नका.