जुन्या संकेतस्थळाला ‘वेब पुश’ची जोड

संकेतस्थळाचे पान उघडे नसतानाही मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर त्याची छोटी सूचना झळकते, ती ‘वेब पुश’ या तंत्रामुळे. गुगलच्या क्रोम ब्राउझरने २०१५ मध्ये, तर फायरफॉक्सने २०१६ मध्ये ही सोय उपलब्ध करून दिली. आयफोनवर ती मार्च २०२३ मध्ये आली. तीही संकेतस्थळ होम स्क्रीनवर ठेवणाऱ्यांपुरतीच. जेक्वेरीच्या काळात बांधलेल्या संकेतस्थळांच्या चालकांपुढे त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. यासाठी सारे काही नव्याने लिहावे लागेल काय?

तशी गरज नाही. पुशचे काम ‘सर्व्हिस वर्कर’ नावाची एक स्वतंत्र जावास्क्रिप्ट फाइल करते. ती पानापासून अलग, ब्राउझरच्या पार्श्वभूमीवर चालते. पानावरील घटकांना तिला हात लावता येत नाही. म्हणूनच जेक्वेरी तिथे निरुपयोगी ठरते आणि जुन्या कोडलाही धक्का लागत नाही. पानावर फक्त ती फाइल नोंदवणाऱ्या काही ओळी वाढतात. ब्राउझरला ही सोय आहे की नाही, हे आधी तपासले, की जुन्या ब्राउझरवरील वाचकांचेही काही अडत नाही.

खरी तयारी करावी लागते ती पायाची. सर्व्हिस वर्कर केवळ ‘एचटीटीपीएस’वरच चालतो. शिवाय ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना असलेले पत्ते ब्राउझरच्या लेखी दोन भिन्न स्थळे असतात. अनेक जुनी संकेतस्थळे दोन्ही पत्त्यांवर उघडतात. त्यांपैकी एक पत्ता कायमचा ठरवला नाही, तर एकाच वाचकाची परवानगी दोनदा मागितली जाते. ही फाइल मूळ फोल्डरमध्येच ठेवणे श्रेयस्कर; कारण एरवी तिचा अधिकार ती ज्या फोल्डरात आहे तेवढ्यापुरताच राहतो.

वाचकाने होकार दिला, की ब्राउझर एक खास पत्ता आणि संदेश कुलूपबंद करण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या देतो. हा तपशील संकेतस्थळाने आपल्या डेटाबेसमध्ये जपायचा. सूचना पाठवताना सर्व्हर मजकूर सांकेतिक रूपात बदलतो आणि ब्राउझर कंपनीच्या पुश सेवेकडे सोपवतो. मधल्या सेवेला तो वाचता येत नाही. एका संदेशात साधारण ४ किलोबाइट मावतात. त्यामुळे मथळा, एक ओळ आणि दुवा एवढेच धाडणे उत्तम. पत्ता निकामी झाल्यास सेवा ४०४ किंवा ४१० हा संकेत देते. अशी नोंद तत्काळ पुसून टाकावी.

संकेतस्थळाची ओळख पटवणारी किल्ल्यांची जोडी तर जिवापाड सांभाळावी लागते. वाचकांची प्रत्येक नोंदणी त्या जोडीशी बांधलेली असते. सर्व्हर बदलताना खासगी किल्ली हरवली, तर जुन्या नोंदण्यांवर सूचना पाठवता येत नाहीत आणि साऱ्या वाचकांची नोंदणी नव्याने करावी लागते.

मात्र बहुतेक प्रयत्न फसतात ते तंत्रामुळे नव्हे, घाईमुळे. पान उघडताक्षणी परवानगीची चौकट समोर आली, की वाचक सहसा ‘नको’ म्हणून मोकळा होतो. एकदा असा नकार नोंदला गेला, की संकेतस्थळाला पुन्हा विचारता येत नाही. तो बदलणे केवळ वाचकाच्याच हाती उरते. या उपद्रवाला आळा घालण्यासाठी २०२० च्या प्रारंभी फायरफॉक्सने वाचकाच्या कृतीविना येणारी चौकट रोखली, तर क्रोमने शांत स्वरूपाची चौकट आणली.

म्हणून आधी पानावर साधे बटण द्यावे, कशाच्या सूचना येतील आणि किती, हे एका वाक्यात सांगावे आणि बटण दाबल्यावरच ब्राउझरची चौकट दाखवावी. सूचना बंद करण्याची सोयही तितकीच सहज सापडायला हवी. वाचकाच्या खिशातील फोन वाजवण्याचा हा अधिकार त्याने विश्वासाने दिलेला असतो. तो जपून वापरला, तरच टिकतो.