एका पातेल्यातले दोन रस्से

तांबडा आणि पांढरा हे कोल्हापूरचे दोन रस्से रंगाने, चवीने आणि मसाल्याने एकमेकांपासून लांबचे असले तरी दोन्ही एकाच पातेल्यातून निघतात. त्या पातेल्यात शिजते ते ‘अळणी’, म्हणजे मटण शिजवताना उतरलेले, तिखट न घातलेले पाणी. खानावळीतली पुढची सगळी कामे या अळणीभोवती फिरतात.

अशा खानावळी कुठे चालतात हे पाहायला करवीर तालुक्यातले गडमुडशिंगी हे गाव घेऊ. ते कोल्हापूर शहराजवळ आहे. एका बाजूला उजळाईवाडीचे विमानतळ, दुसऱ्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली गांधीनगरची बाजारपेठ, आणि थोड्या अंतरावर पुणे-बेंगळुरू महामार्ग व गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना तर गावातच आहे. पाळी सुटलेला कामगार, माल भरायला आलेला व्यापारी, गाडीवाला आणि शेतकरी अशी जेवणारी माणसे या पट्ट्यात दुपारी आणि रात्री रस्त्यावर असतात. त्यांच्यासाठी चालणाऱ्या घराला ‘खानावळ’ म्हणतात. महामार्गाच्या कडेला तिचाच ‘धाबा’ होतो. घरगुती खानावळीत बहुधा चुलीपाशी घरातल्या बायका असतात, तर पुढे वाढणे आणि पैसे घेणे पुरुषांकडे असते.

दिवसाची सुरुवात मटण आणण्याने होते. कोल्हापुरात बकऱ्याचे मटण चालते आणि त्यातही ‘पालवं’, म्हणजे कोवळे बकरे, पसंत केले जाते. ते लवकर शिजते आणि त्याला उग्र वास नसतो. तुकडे हाडासकट घेतात, कारण रश्शाला चव हाडांमुळे येते. नळी आणि छातीचा भाग त्यासाठी मुद्दाम मागून घेतला जातो. मटणाचा भाव इथे सार्वजनिक प्रश्न ठरू शकतो. 2019 च्या अखेरीस दर चढल्यावर कोल्हापूरकरांनी त्याविरुद्ध उघड आंदोलन केले होते.

धुतलेले मटण थोड्या तेलावर कांदा, आले-लसणाचे वाटण, हळद आणि मीठ घालून परततात. पाणी लगेच घालत नाहीत. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओततात. खालची वाफ गार ताटाला लागून पुन्हा आत ठिबकते, मटणाला स्वतःचे पाणी सुटते आणि वरचे पाणी आयतेच तापते. तेच गरम पाणी मग आत घालतात. गार पाणी पडले तर मटण निबर होते असे स्वयंपाक करणाऱ्या बायका सांगतात. मांस हाडापासून सुटायला लागले की अळणी तयार होते. नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते; नसते ते तिखट. लहान मुले, आजारी माणसे आणि बाळंतिणीला हीच अळणी गरम भाताबरोबर देतात.

इथून पातेल्याच्या वाटण्या होतात. मटणाचे बरेचसे तुकडे बाहेर काढून ‘सुक्क्या’साठी, म्हणजे कोरड्या मटणासाठी, ठेवतात आणि राहिलेले पाणी दोन भांड्यांत जाते.

पांढऱ्या रश्शाला ओल्या नारळाचे दूध, भिजवून वाटलेली खसखस, पांढरे तीळ आणि काजू लागतात. तुपावर किंवा तेलावर लवंग, वेलची, दालचिनी आणि मिरी टाकून त्यावर वाटण, मग अळणी आणि सगळ्यांत शेवटी नारळाचे दूध घालतात. हळदीचा रंग वर येऊ नये म्हणून अळणीत हळद बेताचीच असावी लागते. नारळाचे दूध पडल्यावर रस्सा खळखळून उकळला तर तो फाटतो. त्यामुळे मंद आचेवर ढवळत राहणे आणि वेळेवर उतरवणे हे या कामातले कसब आहे. तिखटपणा मिरीचा किंवा हिरव्या मिरचीचा, आणि तोही घशाला जाणवेल इतकाच.

तांबड्या रश्शाचे काम मात्र कित्येक महिने आधी, उन्हाळ्यात सुरू झालेले असते. कोल्हापुरात ‘चटणी’ म्हटले की वर्षभरासाठी केलेली कांदा-लसूण चटणी हाच अर्थ घेतात. तिच्यासाठी मिरच्यांचे मिश्रण करतात. रंगाला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. उन्हात वाळवून भाजलेल्या मिरच्या, धणे, तीळ, सुके खोबरे, गरम मसाला, तळलेला कांदा, लसूण आणि मीठ हे सारे डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कांडून घेतात. डंक सुरू असला की खाट गल्लीभर पसरतो. मीठ आणि तेल यांमुळे चटणी बरणीत वर्षभर टिकते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते, आणि खानावळीची ओळख बऱ्याच अंशी या बरणीवर ठरते.

रश्शासाठी तेलात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण परततात. तेल सुटले की आच कमी करून चटणी घालतात, कारण करपलेली चटणी कडू होते आणि रंगही काळपट पडतो. त्यावर अळणी ओतून उकळी काढली की वर तांबडा तवंग येतो. रस्सा पातळच ठेवतात. परगावच्या हॉटेलांत ‘कोल्हापुरी’ या नावाखाली मिळणारी दाट, जाळ तिखट भाजी या पदार्थापेक्षा वेगळी आहे. तांबड्याचा भडक रंग मुख्यतः ब्याडगीचा. तो पाहून तिखटाचा अंदाज बांधणारा नवखा माणूस फसतो. बाजूला ठेवलेले तुकडे याच चटणीत आणि वाटणात परतून, पाणी आटवून सुक्के करतात.

ताटात सुक्क्याची वाटी, तांबड्याची वाटी, पांढऱ्याची वाटी, कापलेला कांदा, लिंबाची फोड, दही-कांदा आणि ज्वारीची भाकरी किंवा चपाती येते, शेवटी भात. पांढरा रस्सा बरेच जण आधी वाटीने पितात. त्याने भूक चाळवते आणि पुढच्या तिखटासाठी तोंड तयार होते. भाकरी तांबड्यात कुस्करतात किंवा सुक्क्याबरोबर तोडून खातात. मध्येच पांढऱ्याचा घोट घेतला की नारळाच्या दुधाने जीभ निवते. दोन रस्से शेजारी ठेवण्याचा अर्थ असा खाताना उमगतो.

खानावळीचा हिशेबही या वाट्यांवरूनच कळतो. सुक्क्याची वाटी मोजून मिळते, जादा घेतल्यास जादा पैसे पडतात. रस्सा मात्र बहुतेक ठिकाणी न मोजता, नको म्हणेपर्यंत वाढतात. मटण महाग आहे आणि पाणी वाढवता येते, हे त्यामागचे व्यवहारी कारण. पण पाणी किती वाढवायचे याला मर्यादा असते, कारण नुसत्या चटणीच्या जोरावर ओढलेला रस्सा नेहमीच्या गिऱ्हाइकाला पहिल्या भुरक्यालाच कळतो. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबशी तुलना केली तर हा हिशेब उलटा दिसतो. तिथल्या नळाच्या बिअरचे माप कायद्याने ठरलेले असते. एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आणि गिऱ्हाईक दुसरा पेला पुन्हा पैसे देऊन घेतो.

पबमध्ये पिणे, जेवणे आणि गप्पा एकाच छपराखाली होतात. कोल्हापुरात त्यांची विभागणी झालेली आहे. दारू 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत परवान्यानेच विकता येते आणि पिणाऱ्यालाही परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. घरगुती खानावळीत दारू नसते. गप्पांसाठी तालमीचा कट्टा असतो. आणि समोर काढलेले ताजे पेय हवे असेल तर शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी दूधकट्टे आहेत, जिथे म्हशीची धार काढून फेसाळ दूध तिथल्या तिथे पेल्यात देतात. खानावळीत माणूस जेवायला येतो, आणि जेवून झाले की दुसऱ्याला जागा करून देतो.

पब या शब्दाच्या मुळाशी ‘सर्वांसाठी खुले घर’ असा अर्थ आहे. तसे घर कोल्हापुरात आपोआप मिळाले नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढायला मदत केली आणि तिथे स्वतः जाऊन चहा घेतला. कोणी शिजवलेले, कोणाच्या शेजारी बसून खायचे हा प्रश्न आधी या शहराला सोडवावा लागला. आज अनोळखी माणसे एका बाकावर रस्सा भुरकतात त्यामागे तो इतिहास आहे.

खानावळीचा आठवडा वारांवर चालतो. रविवार आणि बुधवार मटणाचे हक्काचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशीला अनेक घरांत मटण वर्ज्य, म्हणून गर्दी ओसरते. त्या दिवशी अख्खा मसूर, झुणका-भाकरी, खर्डा आणि दही यांवर काम चालते. आषाढाच्या शेवटच्या दिवसांत वर्षातला मोठा उठाव असतो आणि श्रावण लागताच पातेली थंडावतात.

रोजचे कामही अळणीनेच संपते. मटण किती शिजवायचे याचा अंदाज वार पाहून सकाळीच घ्यावा लागतो, कारण रात्री आयत्या वेळी नवी अळणी उतरवता येत नाही. पातेले रिकामे झाले की गिऱ्हाईक दारात असले तरी ‘जेवण संपलं’ असेच सांगतात.