आकाशवीराचें अंतर्वस्त्र

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एखादा आकाशवीर ग्रहाग्रहांवरून संचार करूं लागला, म्हणजे प्रेक्षकांची दृष्टि त्याच्या चकाकणाऱ्या पोशाखावर खिळते. १९९८ सालीं केतन मेहता यांच्या ‘कॅप्टन व्योम’ या मालिकेनें मिलिंद सोमण यांच्या रूपानें असा वीर दूरदर्शनवरून घरोघर पोंचविला. परंतु अशा पोशाखांची खरी मदार प्रेक्षकांस न दिसणाऱ्या आंतील वस्त्रावर असते, हें थोड्यांनाच ठाऊक असेल.

या वस्त्राचीं कामें तीन : शरीरास आकार देणें, घाम टिपणें आणि हालचालीस मोकळीक ठेवणें. १९५८ सालीं अमेरिकेंत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानें ताणतांच लांबणारा व सोडतांच पूर्ववत् होणारा स्पॅन्डेक्स धागा सिद्ध केला. त्याचें कापड अंगास इतकें चापून बसतें कीं, त्याखालीं साध्या गंजीफ्रॉकाची शिवणहि वर उमटते. म्हणून आंतील कपड्याच्या शिवणी सपाट घालतात, आणि काखेंत वेगळा चौकोनी तुकडा जोडतात. नाहीं तर हात उचलतांच सारा पोशाख वर ओढला जातो.

वीरास पिळदार दिसावयाचें असेल, तर काम आणखी वाढतें. नटाच्या मापाच्या पुतळ्यावर ताणाचें कापड चढवून, फोमचे तुकडे स्नायूंच्या आकारानें कापून त्यावर चिकटवितात. तुकडा मध्यें जाड व कडांस निमुळता नसेल, तर बाहेरून त्याची किनार दिसते. कोपर, कांख व गुडघ्यामागें फोम घालीत नाहींत.

येथेंच खरी अडचण उद्भवते. फोमच्या छिद्रांत हवा कोंडलेली असते, आणि स्थिर हवा उष्णता सहजासहजीं वाहूं देत नाहीं. शरीर निवतें तें घाम वाळल्यामुळें. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणीं, जेथें मालिकांचें चित्रीकरण चालतें, एका बाजूस वसईची खाडी व जवळच मिठागरें. अशा दमट हवेंत उघड्या अंगाचा घामहि लवकर वाळत नाहीं, मग फोमखालील कोठून वाळणार? प्रखर दिव्यांखालीं उभ्या असलेल्या नटास भोंवळ येण्याचा धोका असतो. म्हणून फोमच्या आंत पातळ, निराळें धुतां येणारें वस्त्र घालून तें वरचेवर बदलणें, आणि दोन दृश्यांच्या मध्यें पाठीची चेन उघडणें अगत्याचें ठरतें.

खऱ्या अंतराळवीरांसहि हीच अडचण होती. त्यांच्या अंतर्वस्त्रांत सुमारें ९० मीटर लांबीच्या बारीक नळ्या विणलेल्या असून त्यांतून थंड पाणी खेळतें. जड पोशाख वागविणाऱ्या नटांसाठींहि आतां अशीं नळ्यांचीं वस्त्रें वापरतात.

दिखाऊपणासाठीं देहाकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, याचा दाखला अमेरिकन मालिका ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ हिनें दिला. १९८७ सालीं नटांस सुरकुती पडूं नये म्हणून मापापेक्षां किंचित् तोकडे स्पॅन्डेक्सचे एकसंध पोशाख दिले. तो ताण दिवसभर खांद्यांवर व पाठीवर येऊन नटांस दुखणीं जडलीं. अखेर १९८९ पासून मुख्य नटांसाठीं लोकरीचे दोन भागांचे पोशाख आले.

तात्पर्य, पोशाखाची परीक्षा आरशापुढें नव्हे, तर तो बारा तास अंगावर वागवून करावी. वरील चकाकी कथेची असते. आंतील शिवण मात्र जिवंत माणसासाठीं असते.