डब्यातलं प्रोटीन आणि स्नायूंतलं प्रोटीन

आमच्या तपासणी शिबिरात एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पिशवीत प्रोटीन पावडरचा डबा होता. म्हणाली, "सिस्टर, हा तिसरा डबा. पोटऱ्या तर चांगल्या भरल्यात, मग पोरगा सारखा पडतो का?"

मी मुलाला खाली बसवून उठायला सांगितलं. आधी तो ओणवा झाला, मग गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत कसाबसा उभा राहिला. आधी एका दवाखान्यात एसजीपीटी वाढलेलं पाहून त्याला लिव्हरची औषधं दिली होती. एसजीपीटी स्नायूंतूनही येतं, म्हणून मी सीपीके ही रक्ततपासणी करून आणायला सांगितली. साधारण दोनशेच्या आत असायला हवा तो आकडा कित्येक हजारांत आला. पुढे जनुकीय तपासणीत निदान झालं: डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

या आजारात डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन स्नायूंत जवळजवळ तयारच होत नाही. गोधडीचे थर जसे धावदोऱ्याने एकत्र राहतात, तसं डिस्ट्रोफिन स्नायूपेशीच्या आतले धागे तिच्या आवरणाला बांधून ठेवतं. हा टाका नसला की चालता-पळताना आवरण फाटतं. आतलं सीपीके रक्तात गळतं, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व चिवट तंतू भरतात. पोटऱ्या जाड दिसतात त्या ताकदीने नव्हे, यामुळे.

डिस्ट्रोफिन डब्यातून मिळत नाही. शरीर ते जनुकावरून स्वतः बनवतं. जनुकाचा तुकडा गळून पुढचा मजकूरच बिघडला, तर प्रोटीन बनत नाही. मजकूर तुटूनही वाचता आला, तर तोकडं पण थोडं काम करणारं प्रोटीन बनतं. तो सौम्य प्रकार म्हणजे बेकर. मुलाला अंडी, डाळ, भाजी जरूर द्या, पण महागड्या पावडरीत पैसे घालू नका.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, म्हणून आजार बहुतेक मुलग्यांना होतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. पण सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानेच झालेला असतो. त्या आईला घरात "तुझ्यामुळे झालं" असं ऐकावं लागलं होतं. हा ना तिचा दोष, ना करणी, ना मागच्या जन्माचं पाप. तिची आणि बहिणींची तपासणी करायची ती पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला मिळावा म्हणून. वाहक बाईने स्वतःच्या हृदयाचीही तपासणी करून घ्यावी.

आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. तरी हातात बरंच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चालणं जास्त काळ टिकतं. त्या अचानक बंद करू नका. रोज पाय ताणण्याचे हलके व्यायाम करा, पण दमवणारी कसरत नको. हृदय आणि श्वासाची तपासणी दरवर्षी करा. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधीच सांगा. भुलीची काही औषधं या मुलांना घातक ठरतात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीची नोंद आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. जिना चढता येत नाही म्हणून शाळा सोडवू नका. वर्ग तळमजल्यावर मागा, तो त्याचा हक्क आहे.

मुलगा उशिरा चालला, वारंवार पडतो, जिन्यावर अडतो, मांडीवर हात टेकून उठतो, तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणून थांबू नका. सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात जा आणि सीपीकेची तपासणी मागा.