सनदेची मुदत आणि विद्येची मुदत

नांदेड किंवा लातूर येथील दवाखान्यांत डॉक्टरांच्या खुर्चीमागे टांगलेले नोंदणीचे प्रमाणपत्र रुग्णाच्या दृष्टीस नित्य पडत असले, तरी त्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, ही गोष्ट सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. १९६५ च्या अधिनियमान्वये चालणारी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद हे नूतनीकरण मंजूर करण्यापूर्वी त्या पाच वर्षांत संबंधित डॉक्टरांनी ३० क्रेडिट पॉइंट मिळविले आहेत काय, हे पाहते. हे पॉइंट परिषदेने मान्य केलेल्या व्याख्यानांना व कार्यशाळांना, म्हणजे या व्यवसायात सर्वजण ज्यांना ‘सीएमई’ म्हणतात अशा कार्यक्रमांना, उपस्थित राहून मिळतात; आणि हजेरीची खातरजमा करण्यासाठी परिषद तेथे आपला निरीक्षकही धाडते. देशपातळीवर २००२ सालच्या आचारनियमांनीही पाच वर्षांत किमान ३० तास अशा अध्ययनास द्यावेत, असे सांगितले होते. परिचारिका, दंतवैद्य, औषधनिर्माते यांच्या परिषदा निराळ्या आणि त्यांचे हिशेबही निराळे. औषधनिर्मात्यांना २०१५ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांत किमान दोन उजळणी अभ्यासक्रमांना हजर राहावे लागते.

ज्याने एकदा कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवी मिळविली, त्याला पुन्हा शिकण्याची सक्ती कशासाठी, असा प्रश्न कोणाला पडला, तर त्याचे उत्तर मराठवाड्याच्याच एका सुपुत्राच्या कार्यात सापडते. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस लागले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकजण, विशेषतः लहान मुले, तत्कालीन उपचारांना दाद न देता डोळ्यांदेखत दगावत असत. रुग्णांच्या उशाशी बसून, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या बारीक नोंदी करीत त्यांनी असे ताडले की, या विषाने शरीरात रक्तदाब वाढविणाऱ्या द्रव्यांचा पूर लोटतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी भरते. आणि या परिणामांवर रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी उतारा ठरते. हे संशोधन १९८६ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवून दिले.

आता १९७५ साली पदवी घेऊन किनवट किंवा निलंग्याच्या बाजूस दवाखाना थाटलेल्या एखाद्या डॉक्टराची कल्पना करावी. त्याची बुद्धी तीव्र, हात हलका आणि वृत्ती दयाळू असेल. परंतु प्राझोसिनचा हा उपयोग त्याच्या पाठ्यपुस्तकात असणे शक्यच नव्हते. शेतातून खांद्यावर घालून आणलेल्या मुलाचे प्राण वाचणे न वाचणे हे, पदवीनंतरच्या काळात त्या डॉक्टराच्या कानावर काय पडले, यावर अवलंबून होते. क्षयरोगाचेही तसेच. शासकीय कार्यक्रमात वर्षानुवर्षे आठवड्यातून तीन वेळा दिली जाणारी औषधे २०१७ पासून दररोज देण्याचे ठरले, आणि ज्यांनी पूर्वीची पद्धत निष्ठेने शिकून घेतली होती त्यांना ती तितक्याच निष्ठेने सोडून द्यावी लागली.

काही ज्ञान असे असते की, ते तीस वर्षे उपयोगात येत नाही आणि मग एका पहाटे शेकडो जणांसाठी एकदम हवे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास चेंगरलेला पाय मोकळा करताच मृत स्नायूंतील पोटॅशियम व इतर द्रव्ये रक्तात उतरून हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून शक्य असेल तेथे दाब काढण्यापूर्वीच शिरेतून सलाइन चालू करावे लागते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा तेथील वैद्यांना या विकाराची ओळख पटली; परंतु शांततेच्या काळात तापखोकल्याचे रुग्ण तपासणाऱ्या ग्रामीण डॉक्टराला त्याची उजळणी कोणी मुद्दाम करून दिल्याखेरीज ती होणार कशी?

तेव्हा सक्ती रास्त आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. संदेह आहे तो तिच्या अंमलाविषयी. पाच वर्षांत तीस तास म्हणजे वर्षाला अवघे सहा तास. एवढ्या अल्प वेळात काय शिकविले जाते आणि ते कोण शिकविते, याला फार महत्त्व येते. व्याख्याने बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी वा महानगरांत होतात, आणि ज्या उपचारांची साधने तालुक्याच्या गावी नाहीत अशाच उपचारांवर पुष्कळदा होतात. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरांहून दूर. तेथील एकट्या डॉक्टराने दवाखाना बंद ठेवून हजेरी लावायला जावे, तर त्या दिवशीच्या रुग्णांचा वाली कोण? शिवाय अशा कार्यक्रमांचा खर्च औषध कंपन्यांनी उचलावा ही प्रथा रूढ झाली, आणि ज्याच्या पैशाने व्याख्यान होते त्याच्या मालाविषयी व्याख्याता निःस्पृहपणे बोलेल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आचारनियमांत कंपन्यांच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आश्रयाने होणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमांत भाग घेण्यास डॉक्टरांना मनाई केली होती. परंतु त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. नियमांतील इतर कलमांविषयी मतभेद असतील, या एका कलमाची स्थगिती मात्र मला दुर्दैवी वाटते.

मराठवाडा याबाबतीत साधनहीन नाही. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला शासकीय आणि खाजगी अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापकांनी या भागातील सर्पदंश, विंचूदंश, क्षय आणि गर्भिणींचा रक्तदाब रोज पाहिलेला आहे. या अध्यापकांनी वर्षातून काही ठरलेल्या दिवशी किनवट, देगलूर, उदगीर, निलंगा येथे स्वतः जावे, डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांना एकत्र बसवून त्याच परिसरातील रोगांविषयी शिकवावे, आणि या वर्गांचा खर्च शासनाने करून संबंधित परिषदांनी त्यांना क्रेडिट पॉइंट द्यावेत, अशी माझी महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना व परिषदांच्या कारभाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे.