हाताची कला आणि चित्रफीत

इंटरनेटवर ग्राहकाला केवळ तयार वस्तू दिसते. ती घडविणारे हात दिसत नाहीत. त्यामुळे यंत्रावरची नक्कल व अस्सल माल यांतील फरक त्यास कळत नाही. चित्रफीत तो दाखवू शकते.

कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घेऊ. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या 'प्राडा'ने मिलानमध्ये तशाच चपला दाखविल्या, तेव्हा प्रथम आपल्या कारागिरांचा उल्लेखही केला नाही.

म्हणून कातड्याची कापणी, चामड्याच्या वादीची हातशिलाई, वेणीची गुंफण हे सारे दिवसाच्या उजेडात, जवळून मोबाईलवर टिपावे. शेवटी कारागिराने स्वतःच आपले नाव, गाव व किंमत सांगावी. आपल्या विद्यार्थ्यांनी अशा फिती काढून द्याव्यात, असे आम्ही सुचवितो. कारागिराला त्याच्या श्रमाचे दाम मागण्यास त्यांचा आधार होईल.